ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ताफ्यातला जुना घोडा (ट्रेलर ओढणारा ट्रक) आणि ट्रेलर घ्यायचाय: काय काय तपासायचं?

वेर्णा_वळण

वेर्ण्यातली एक ट्रान्सपोर्ट कंपनी ताफ्यातल्या काही गाड्या काढतेय. त्यातली एक विचारात आहे. २०१९ चं मॉडेल, बीएस-४, ६ बाय ४ घोडा (मागे दोन अ‍ॅक्सल), आरसीवर ५५ टन, मागे ४० फुटी तीन अ‍ॅक्सलचा सांगाडा ट्रेलर (फळी नसलेला, नुसता कंटेनर ठेवायचा). मीटरवर ६ लाख ४० हजार. नंबर नागालँडचा, एनएल-०१. किंमत १६ लाख, वर जीएसटी.

काम दोन प्रकारचं: वेर्ण्याहून न्हावा-शेव्याला कंटेनर, आणि तोरणगल्लूच्या बाजूने अनमोड उतरून मुरगाव बंदराला स्टीलच्या कॉइल.

गाडीत नेमकं काय तपासायचं, एनएलचं जीए (गोव्याचा नंबर) करताना कागद कोणत्या क्रमाने करायचे, आणि जीएसटी कशावर लागतो? कंपनी म्हणते "सगळी सर्व्हिस वेळेवर झालीय." तेवढ्यावर पैसे टाकायचे नाहीत इतकं कळतं.

अनमोड_उतार

आधी कामाचं ठरवा, मग गाडीचं. सांगाडा ट्रेलरवर कॉइल जात नाही. त्याला प्लॅटफॉर्मचा ट्रेलर लागतो, कॉइल बसायला खोबण किंवा सॅडल लागतं आणि चेन-बाइंडर अडकवायला जागा लागते. दोन्ही कामं एकाच ट्रेलरवर करायची तर ट्विस्ट लॉक (कंटेनरचे कोपरे अडकवायचे खटके) असलेला प्लॅटफॉर्म बघा. त्याचं रिकामं वजन सांगाड्यापेक्षा जास्त असतं, तेवढा माल कमी बसेल.

आता घोडा. २०१८ च्या जुलैत अ‍ॅक्सलचे भार वाढले त्यानंतरचा हिशोब: पुढचा अ‍ॅक्सल ७ टन, चार टायरचा एकेरी अ‍ॅक्सल साडेअकरा, मागची जोडी २१, ट्रेलरचे तीन अ‍ॅक्सल मिळून २७. म्हणजे ४ बाय २ घोड्याला (मागे एकच अ‍ॅक्सल) साडेपंचेचाळीस आणि ६ बाय ४ ला ५५. कंटेनर मालासकट जास्तीत जास्त ३०.४८ टन भरतो. नुसता कंटेनर ओढायचा तर ४ बाय २ पुरतो. त्याला १८ टायर, तुमच्याला २२. चार टायर आणि एक जादा हाउसिंग (डिफरन्शिअलचा अ‍ॅक्सल) आयुष्यभर फुकट फिरवायचं कशाला? मात्र कॉइल खरंच नियमित मिळणार असतील तर ६ बाय ४ च योग्य. पावसात घाटात भरलेली गाडी थांबून परत उचलावी लागली की एकेरी अ‍ॅक्सल जागेवर फिरतो.

आरसी_टीटी

कागदांचं लिहितो. गाडी बघायला जाण्याआधी हे करा, कारण इथेच निम्मे सौदे संपतात.

गाडीचा नंबर परिवहनच्या साइटवर टाका. फिटनेस, टॅक्स, परमिट, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहेत, बँकेचा बोजा आहे का, काळ्या यादीत टाकलीय का, हे सगळं तिथे दिसतं. ई-चलान वेगळ्या साइटवर बघायची. न भरलेली चलानं कोर्टात गेली असतील तर आरटीओ एनओसी अडवतो. न्हावा-शेव्याची फेरी करणाऱ्या गाडीवर महाराष्ट्रातली चलानं साचलेली असतातच.

बोजा असेल तर बँकेचं एनओसी पत्र आणि बोजा उतरवायचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५. ते पत्र साधारण ९० दिवस चालतं, जुनं पत्र दाखवलं तर नवीन मागा. कंपनीकडून ट्रान्सफरचे फॉर्म २९ दोन प्रतींत आणि फॉर्म ३०, आणि राज्य बदलतंय म्हणून आरटीओच्या एनओसीचा फॉर्म २८. सही करणाऱ्या माणसाच्या नावाने संचालक मंडळाचा ठराव किंवा अधिकारपत्र हवं. फक्त "मॅनेजर" असा शिक्का चालत नाही. आणखी एक बारीक गोष्ट: ऑनलाइन अर्जाचा ओटीपी आरसीला जोडलेल्या मोबाइलवर जातो. ताफ्याच्या गाड्यांना बहुतेक वेळा नोकरी सोडून गेलेल्या कुणाचा तरी नंबर जोडलेला असतो. तो आधी बदलून घ्यायला लावा.

एनओसी कोणत्या आरटीओच्या नावे हेही आधी ठरवा. तुमचा पत्ता सासष्टीत असेल तर मडगाव, मुरगाव तालुक्यात असेल तर वास्को. चुकीच्या कार्यालयाच्या नावाने आली तर सगळं परत तिकडे. विकणाऱ्याने राज्याबाहेरच्या विक्रीची खबर ४५ दिवसांत द्यायची, राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत. घेणाऱ्याला ३० दिवस. गोव्यात आल्यावर ट्रान्सफर आणि नवा जीए नंबर एकदमच होतो, इथला टॅक्स तेव्हापासून सुरू.

पैसे असे द्या: टोकन थोडं, मोठी रक्कम बँकेच्या खात्यात थेट म्हणजे बोजा उतरेल, आणि उरलेले एनओसी परिवहनवर दिसल्यावर. "एनओसी येईल हो, गाडी घेऊन जा" याला हो म्हणू नका. एनएलची एनओसी लांबली तर पाठपुरावा हजारो किलोमीटरवरून करावा लागतो.

परमिटचं: नॅशनल परमिट गाडीसोबत आपोआप येत नाही, नवीन घ्यायचं. दोनपेक्षा जास्त अ‍ॅक्सलच्या गाडीला ते १५ वर्षांपर्यंतच मिळतं, म्हणजे तुमच्या २०१९ ला २०३४ पर्यंत. फिटनेस पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांनी असतो, पुढे दरवर्षी. २०२७ पासून तुम्ही दरवर्षी पासिंगच्या रांगेत. कंपन्या याच सुमाराला गाड्या काढतात, हा काही योगायोग नाही.

वेर्णा_वळण

@आरसी_टीटी देव बरें करूं. ट्रेलरचा कागद वेगळा असतो का?

आरसी_टीटी

राज्यागणिक पद्धत वेगळी. कुठे ट्रेलरची स्वतंत्र आरसी, कुठे घोड्याच्याच आरसीवर चढवलेला. काहीही असलं तरी ट्रेलरचा चासी नंबर कागदावर हवा आणि तोच नंबर लोखंडावर कोरलेला हवा. ताफ्यात ट्रेलर या घोड्याचा त्या घोड्याला लागत राहतात. विकताना जो रिकामा उभा असेल तो जोडून देतात आणि कागद तिसऱ्याचाच निघतो. तारेचा ब्रश नेऊन गंज काढा, नंबर वाचा, खडूने घासून फोटो काढा. विमाही बघा, ट्रेलर त्यात धरलाय का ते.

डिझेलमीटर

इंजिनावर येतो. मीटरचे ६ लाख ४० हजार बाजूला ठेवा आणि ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) वाचून घ्या. डीलरकडे किंवा स्कॅनर असलेल्या चांगल्या इलेक्ट्रिशियनकडे होतं. बघायचे आकडे तीन: इंजिनाचे एकूण तास, त्यातले उभ्या गाडीचे तास, आणि जळलेलं डिझेल.

लांबच्या रस्त्याचा ट्रेलर तासाला सरासरी ३५ किलोमीटर धरला तर ६ लाख ४० हजाराला १८ हजार तासांच्या आसपास यायला हवेत. २६-२७ हजार आले तर दोनच शक्यता. एक तर मीटर बदललंय किंवा मागे फिरवलंय, नाहीतर गाडी बंदराच्या रांगेत इंजिन चालू ठेवून उभी राहिलीय. दुसरी शक्यता निरुपद्रवी वाटते, पण उभ्या गाडीत इंजिन पुरेसं तापत नाही, काजळी ऑइलमध्ये उतरते, ईजीआर (धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) आणि टर्बो काजळीने भरतात. डिझेलच्या आकड्याला किलोमीटरने ताडून बघा. भरलेल्या ५५ टनी गाडीला अडीच ते तीनचं अ‍ॅव्हरेज पडतं. हिशोब त्याच्या फार खाली निघाला तर किलोमीटरचा आकडा मागे फिरवलेला असू शकतो, साडेचारचा निघाला तर गाडी बराच काळ रिकामी धावलीय.

ताफ्याच्या गाडीचा खरा फायदा हा की नोंदी असतात. जॉब कार्डं (प्रत्येक दुरुस्तीची नोंद) मागा. चासी नंबरवरून डीलरकडची सर्व्हिस हिस्टरी निघते. मालकाच्या लॉगिनमधून टेलिमॅटिक्सचं (गाडीतून ऑनलाइन येणाऱ्या नोंदींचं) पान बघायला मागा, टाटाला फ्लीट एज आहे, लेलँडला आय-अलर्ट. जी कंपनी हे दाखवत नाही तिची "सगळी सर्व्हिस वेळेवर" मी अर्ध्यावर धरतो.

पाटेवाला

ईसीएम बदलता येतो, डिझेलमीटर. दुसऱ्या गाडीचा बसवला की तास दुसऱ्याचे.

डिझेलमीटर

येतो. म्हणून ईसीएममधला चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवायचा, तो वाचनातच येतो. आकडा एकटा कधीच धरू नये. क्लच पेडलचं रबर, स्टेअरिंगची झीज, ड्रायव्हर सीटचा स्पंज आणि जॉब कार्डावरचं मीटर, हे चार एकाच दिशेने बोलत असतील तर ठीक.

आता थंड इंजिनावरच्या गोष्टी. तुम्ही पोचण्याआधी गाडी चालू करून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी या म्हणून सांगा. थंड स्टार्टला निळा-पांढरा धूर किती वेळ टिकतो ते बघा. गरम झाल्यावर ऑइलचं झाकण सैल करून ठेवा. झाकण नाचलं किंवा ब्रीदरमधून सतत धूर आला तर रिंग-लायनर गेलेत. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडून इंजिन चालू करा. सतत बुडबुडे म्हणजे हेड गॅसकेट किंवा लायनरला भोक. टर्बोची हवेची नळी काढून पंखा बोटाने हलवा: थोडा आडवा खेळ चालतो, पुढे-मागे सरकता कामा नये, पाती घरावर घासता कामा नये. एअर टाकीचा ड्रेन उघडा. पाण्यासोबत काळं ऑइल आलं तर कम्प्रेसर ऑइल टाकतोय, मग एअर ड्रायर आणि पुढचे व्हॉल्व्हही खराब झालेले धरा.

ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायला जो खर्च येतो तो १६ लाखांपुढे काहीच नाही. सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही वाढलेले आले तर धूळ आत गेलीय, म्हणजे एअर फिल्टरकडे दुर्लक्ष. सोडियम-पोटॅशियम वाढलेलं तर कूलंट ऑइलमध्ये. नमुना घेण्याआधी ऑइल कधी बदललं ते विचारा, कालच बदललं असेल तर अहवालाला अर्थ नाही.

बीएस-४ म्हणजे गाडीत एससीआर (धूर स्वच्छ करणारी यंत्रणा) असेल तर डीईएफची (त्यात फवारायच्या युरियाच्या द्रावाची) टाकी, डोसिंग पंप आणि नॉक्स (धुरातला वायू मोजणारा) सेन्सर जागेवर आहेत का बघा. डीईएफ बंद करणारी छोटी डबी वायरिंगमध्ये लपवलेली असते. ओळखायची खूण: टाकीत डीईएफ आहे, पण त्याची पातळी महिनोन् महिने तेवढीच, आणि नोझलभोवती जुने पांढरे खडे कडक झालेले. डिझेलच्या तीन-चार टक्के डीईएफ लागायलाच हवं, त्याची बिलं मागा. अशी गाडी पासिंगला अडकते आणि सगळी यंत्रणा परत बसवायची तर मोठा खर्च.

पाटेवाला

सगळे इंजिनाकडे वाकतात, पण इंजिन करता येतं. चासी गेली की गाडी गेली. गोव्यात तर जास्तच. खारी हवा, चार महिने पाऊस, बंदरात कोळशाची आणि खनिजाची धूळ ओली होऊन चासीत बसते.

चासी जिथे दुहेरी आहे, आत अस्तराचा चॅनल आहे, तिथे दोन पत्र्यांच्या मध्ये गंज वाढतो आणि बाहेरचा पत्रा फुगतो. लोखंडी पट्टी चासीला लावून बाजूने बघा, फुगवटा दिसतो. छोट्या हातोडीने ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणतं, गंजलेलं भद्द आवाज देतं. सगळीकडे नवा काळा रंग दिसला तर रंग पडल्यावर कसं दिसतं यावर भाव ठरवू नका, तारेचा ब्रश मारायची परवानगी मागा. नाही म्हणाले तर परत या.

भेगा कुठे शोधायच्या: फिफ्थ व्हीलच्या (घोड्यावरची ट्रेलर अडकवायची थाळी) पट्टीचं टोक जिथे चासीवर संपतं तिथे, पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) हँगरच्या ब्रॅकेटभोवती, क्रॉस मेंबरच्या रिवेटभोवती. चासीच्या वरच्या किंवा खालच्या ओठावर वेल्डिंगची रेघ दिसली तर मी ती गाडी घेत नाही. तिथे ताण सर्वाधिक, आणि वेल्डिंगच्या आचेने शेजारचं लोखंड मऊ पडतं. पुढची भेग रेघेच्या बाजूलाच उघडते.

आरसीवर गाडीचा प्रकार वाचा. सावर्डे, कुडचडे, डिचोली या पट्ट्यात खाणीच्या बंदीनंतर टिपर पडून राहिले, त्यातल्या काहींच्या चासी कापून घोडे केलेले फिरतात. आरसीवर टिपर आणि समोर घोडा असेल तर आरटीओच्या परवानगीचा कागद मागा. नसेल तर त्या गाडीचा विमा अपघाताच्या दिवशी कागदापुरताच उरतो.

फिफ्थ व्हील: ट्रेलर सोडा, जबडा पुसा. नवी २ इंची किंगपिन (जबड्यात बसणारी ट्रेलरची खुंटी) ५०.८ मिमी असते, ४९ च्या खाली गेली की बदलायची. कॅलिपर घेऊन जा, डोळ्याने दीड मिमी कळत नाही. वरचा, प्लेटजवळचा रुंद भाग ७३ चा ७१ पर्यंत चालतो. परत जोडून ट्रेलरचे ब्रेक लावा आणि घोडा हळूच पुढे-मागे करा, ठोका ऐकू आला तर जबड्याची झीज.

ट्रेलरच्या दोन्ही लांब बीमच्या वर टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणा. नव्या रिकाम्या ट्रेलरला मध्ये थोडा वर फुगवटा दिलेला असतो. दोरी मध्ये बीमपासून लांब दिसली म्हणजे बीम बसलाय. २०-२५ टनांची कॉइल चार-पाच फुटांत सगळं वजन टाकते, त्या ट्रेलरांचं हेच होतं. ट्विस्ट लॉक सगळे फिरवून बघा, गंजून बसलेला एकही नको. लँडिंग लेग (सुटा ट्रेलर उभा राहतो ते पाय) दोन्ही वेगांत फिरवा. तीनही अ‍ॅक्सल एका रेषेत आहेत का: किंगपिनपासून पहिल्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांचं अंतर मोजा. फरक असेल तर ट्रेलर तिरका चालतो आणि टायर दाढी केल्यासारखे एका बाजूने खातो.

वेर्णा_वळण

टायरचं काय? कंपनी म्हणते "१४ टायर नव्यासारखे."

पाटेवाला

"नव्यासारखे" हा शब्द करारात लिहायला सांगा, बघा काय होतं. प्रत्येक टायरवर चार आकडी कोड असतो. ३२२३ म्हणजे २०२३ चा ३२ वा आठवडा. चढवलेले, म्हणजे रिट्रेड टायर वेगळे मोजा, आणि पुढच्या अ‍ॅक्सलवर एकही चालवू नका. २२ टायरांचे नंबर, बॅटऱ्यांचे नंबर आणि स्टेपनी करारात लिहून घ्या, फोटोसकट. बघायला दिलेली गाडी आणि ताब्यात मिळालेली गाडी यांत टायरच बदलतात. ताफ्यात दहा गाड्या उभ्या असताना अदलाबदल करायला एक रात्र पुरते.

अनमोड_उतार

चाचणीबद्दल कुणी लिहिलं नाही. रिकामा घोडा वेर्ण्याच्या पठारावर फिरवून काही कळत नाही. भरलेला ट्रेलर मागा आणि मोले ते अनमोड वर जा, परत उतरा. चढताना कूलंटचं तापमान स्थिर राहायला हवं. गिअर सुटतो का, क्लच घसरतो का, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (सांधा) किणकिणतो का. उतरताना एक्झॉस्ट ब्रेक लावून गिअरमध्ये गाडी धरते का, हे तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, कारण तुम्ही कॉइल घेऊन उतरणार आहात. खाली आल्यावर प्रत्येक हबजवळ हात न लावता नेऊन ताप बघा, किंवा साधं इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा फार गरम असेल तर तिथे ब्रेक चिकटलाय किंवा बेअरिंग जातंय. एक चाक थंड असेल तर ते ब्रेकच करत नाही. थंड चाकाकडे लोक लक्ष देत नाहीत, पण घाटात त्याचं काम बाकीच्या चाकांवर पडतं.

हवेची चाचणी: टाकी पूर्ण भरा, इंजिन बंद, पार्किंग ब्रेक सोडलेला, चाकांखाली ठोकळे, पायाचा ब्रेक दाबून धरा. पहिला झटका सोडून मिनिटाला ०.३ बारपेक्षा जास्त उतरता कामा नये. मग पेडल मारून हवा संपवत जा: पाच बारच्या आसपास बझर वाजायलाच हवा. एबीएसचा दिवा चावी लावल्यावर पेटतो आणि गाडी चालल्यावर विझतो. मुळात पेटतच नसेल तर बल्ब काढून ठेवलाय. ट्रेलरची एबीएस केबल जोडून परत बघा.

वजाबाकी

जीएसटीचं उत्तर राहिलं. सगळं या एका प्रश्नावर अवलंबून: कंपनीने गाडी घेताना इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या करातून वजा करणं) घेतलं होतं का?

घेतलं नसेल, म्हणजे भाड्यावर ५ टक्के लावणारी कंपनी, तर कर फक्त फायद्यावर, १८ टक्के. २०२५ च्या जानेवारीपासून हा दर सगळ्या जुन्या गाड्यांना आहे. फायदा म्हणजे विक्रीची किंमत वजा आयकरातल्या घसाऱ्यानंतर उरलेली किंमत. लोक इथे फसतात, कारण ट्रकला आयकरात वर्षाला ३० टक्के घसारा मिळतो. समजा ३६ लाखांची गाडी, सहा वर्षं घसारा, उरले ४ लाख २४ हजारांच्या आसपास. १६ लाखांना विकली तर फायदा पावणेबारा लाख, कर २ लाख १२ हजार. क्रेडिट घेतलं असेल तर पूर्ण १६ लाखांवर, म्हणजे २ लाख ८८ हजार. तुम्ही स्वतः क्रेडिट घेणारे नसाल तर हा पैसा परत येत नाही, म्हणून भाव "जीएसटीसह" बोला.

दुसरं: २०२५ च्या सप्टेंबरात नव्या ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आला. करासकट नव्याची किंमत त्याने साधारण पावणेआठ टक्क्यांनी उतरते. विकणारा त्याआधीच्या भावाशी तुलना करत असेल तर नव्या गाडीचं आजचं कोटेशन समोर ठेवा.

विमा १४ दिवसांत नावावर करा. थर्ड पार्टी चालू राहतो, पण स्वतःच्या गाडीचं नुकसान झालं तर दावा अडतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, प्रीमियमचा हिशोब त्याशिवाय करा. ४० टनांवरच्या गाडीला नुसत्या थर्ड पार्टीचे २०२२ च्या दराने ४४,२४२ होते.

घोडागाडी_८

यापेक्षा बँकेने ओढलेली गाडी लिलावात घेतलेली परवडत नाही का? दोन-तीन लाख कमी पडतात.

आरसी_टीटी

पडतात, पण लिलावात "जशी आहे तशी, जिथे आहे तिथे". भरलेली चाचणी नाही, बहुधा चावीही नाही. मागचा टॅक्स आणि चलानं कुणाच्या डोक्यावर ते लिलावाच्या अटींत वाचा. पार्किंगचे पैसेही चढत असतात. ओढलेली गाडी म्हणजे हप्ते थकलेला मालक, आणि हप्ते थकतात तेव्हा ऑइल आणि टायर आधी थकलेले असतात. ताफ्याच्या गाडीला निदान जॉब कार्ड तरी असतं.

वेर्णा_वळण

कंपनीला विचारलं. इनपुट क्रेडिट घेतलेलं नाही म्हणाले. भरलेली चाचणी द्यायला तयार आहेत, ईसीएम वाचायलाही. तारेच्या ब्रशला नकार: "नवा रंग दिलाय, खराब होईल."

पाटेवाला

मग रंगाच्या आधीचे फोटो मागा, फिटनेसच्या वेळी काढलेले असतात. तेही नाहीत म्हणाले तर सांगा, दोन हँगर आणि फिफ्थ व्हीलच्या पट्टीची दोन टोकं, एवढ्या चारच जागा घासू द्या, रंगाचा डबा आम्ही आणतो. ट्रेलर यातून वजा करा. कॉइलला तो चालणार नाहीच, नुसत्या घोड्याचा भाव विचारा.

डिझेलमीटर

आणि ईसीएमचं वाचन त्यांच्या मेकॅनिककडून नको, डीलरकडून छापील काढून घ्या. तास काय येतात ते इथे टाका, डिझेलच्या आकड्यासकट.